आईचा कॉम्प्युटर आणि तिच्याशिवायची बैठक

अन्याय माझ्या आईवर झाला. ह्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर, जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात, आमच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत झाला. करणारे दोघे, माझे वडील आणि माझा मोठा भाऊ. साक्षीदार मी. आणि जिच्यावर झाला ती त्याच वेळी, त्याच खोलीत, सगळ्यांच्या हातावर बडीशेप ठेवत होती.

पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकायची मला सवय लागलीय. आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना कॉलेजला यायला वेळेवर एसटी मिळावी म्हणून आम्ही काही जणी गेली काही वर्षं निवेदनं देतोय, पत्रकं वाटतोय, स्टँडवर ठिय्या देतोय. पत्रक वाचणारा माणूस उभ्या उभ्या वाचतो. कोणावर, कधी, कोणी, हे त्याला लगेच कळलं पाहिजे, नाहीतर तो त्यात भजी बांधून नेतो. पण घरातल्या गोष्टीचं पत्रक काढून वाटायचं कोणाला? घरात माणसं चार, त्यातले दोघे आरोपी. म्हणून हे असं लांबलचक लिहितेय. आणि खरं सांगायचं तर थकून लिहितेय. तहसीलदाराच्या दारात दिवसभर बसायला मला काही वाटत नाही. घरातल्या एका बैठकीनं मात्र अंग मोडून निघतं.

विषय कॉम्प्युटरचा होता. गेम खेळायच्या कॉम्प्युटरचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

हा कॉम्प्युटर दादानं इंजिनिअरिंगला असताना एकेक पार्ट जमवून जोडला होता. काळा डबा, एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे लावलेले पंखे, आणि मधोमध विटेएवढं ग्राफिक्स कार्ड. घरी आणला तेव्हा बाबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "एवढी लाइटिंग कशाला? गणपती बसवायचाय का ह्याच्यात?" बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांचा विनोद वर्गात चालतो, म्हणून घरातही चालला पाहिजे असं त्यांना वाटतं.

लॉकडाऊनमध्ये दादा घरी अडकला आणि दिवसभर गेम खेळायला लागला. त्यातला एक गेम ट्रक चालवायचा. परदेशातले लांब लांब रस्ते, ह्या गावातून माल भरायचा, त्या गावात उतरवायचा. जेवायची हाक मारली की तो म्हणायचा, "आई, जरा ट्रक बघ, मी दोन घास खाऊन येतो." दूध बघ म्हणावं तसं. आई पदराला हात पुसत खुर्चीवर बसायची आणि सरळ रस्ता असेपर्यंत ट्रक बघायची. पहिल्यांदा तिनं तो शेतात घातला. दादा ताटावरून ओरडला, तर म्हणाली, "मंग समोरून उलट्या बाजूनं येऊन राह्यलेत की समदे." तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढं दादाला पुण्यात नोकरी लागली. तो गेला, डबा इथंच राहिला. सगळ्यांना वाटलं, आता त्यावर कापडाचं आवरण घालून ठेवायचं. आईनं आवरण शिवलंही. पण दुपारी बाबा शाळेत असताना ते आवरण घडी करून बाजूला ठेवलेलं असायचं.

मी तिला चालवताना पाहिलंय. ती हॉर्न वाजवत नाही. कुणाला ओव्हरटेक करत नाही. रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबते आणि थांबल्या थांबल्या उठून कुकर बघून येते. दादा फोनवर म्हणायचा, "आई ट्रक चालवत न्हाई, बैलगाडी हाकते." हाकू दे. गेममधला ड्रायव्हर फार वेळ चालवून थकला की जांभया देतो, आणि तरी तसंच पुढं रेटलं तर दंड लागतो. गाडी बाजूला लावून झोपावंच लागतं. आईला सगळ्या गेममध्ये हे सर्वांत जास्त आवडलं होतं. मला म्हणाली, "बघ, इथं झोपायचा कायदा हाय."

माझी आई कधी स्कूटी शिकली नाही. शिकते म्हणाली होती, तर बाबा म्हणाले, शिकून कुठं जायचंय तुला? ह्या वाक्याला उत्तर द्यायला गेलं की भांडण होतं, म्हणून तिनं दिलं नाही.

आता डबा म्हातारा झाला होता. गेमचं नवीन रूप आलं की ते आधीपेक्षा जड. ट्रक मोठ्या शहरात शिरला की चित्र अडकायचं, मग पडदा काळा. आई म्हणायची, "दम खाऊन राह्यलंय ते," आणि टेबलफॅन त्याच्याकडं वळवून स्वतः घामात बसायची. तक्रार तिनं कुणाकडंच केली नाही. आमच्या घरात जिची तक्रार नाही तिची गरजही नाही, असा हिशोब आहे.

दसऱ्याला दादा आला. उत्साहानं कॉम्प्युटर लावला, गेम चालू केला, आणि चहा गार व्हायच्या आत पडदा काळा.

"मेलंय हे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती बैठक झाली. दादा सोफ्यावर, बाबा खुर्चीत, मी दाराशी.

"कार्ड बदलायचं म्हणलं तर पॉवर सप्लायबी बदलावा लागतोय," दादा सांगत होता. "तेवढं करून मदरबोर्ड जुनाच. आज कार्ड, उद्या बोर्ड. त्यापेक्षा पूर्ण नवीन घेतलेलं बरं."

"नवीन कशाला?" बाबा म्हणाले. "घरात आता गेम खेळतंय कोण?"

आईनं त्यांच्या तळहातावर बडीशेप ठेवली.

"तेच म्हणून राह्यलो मी. रॅम आणि एसएसडी मी घेऊन जातो, माझ्या पुण्याच्या मशीनला लागतेत. बाकीचं जालन्याला देऊन टाकू. त्यात तुम्हाला साधा लॅपटॉप होतोय, शाळेच्या ऑनलाइन माहित्या भरायला."

एसएसडी म्हणजे सगळं साठवलेलं असतं ती चपटी डबी. आईचा गेमही तिच्यातच.

मी म्हणाले, "आईला विचारलं का?"

"आली मोर्चावाली," दादा म्हणाला. "तुला पत्रकं करायला पाहिजे ना तो? सरळ सांग की."

"माझी पत्रकं मी मोबाइलवर करते. आईला विचारलं का?"

बाबांनी मान न वळवता विचारलं, "काय गं, तुला काय लागतोय का त्यो?"

आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुम्हीच बघा."

"बघ. झालं समाधान?" बाबा मला म्हणाले.

हे समाधान माझ्या ओळखीचं आहे. आम्ही खेड्यांत मुलींच्या आयांची सही घ्यायला जातो. बाई चुलीपुढून उठून येते, सगळं नीट ऐकते, मान डोलावते, आणि शेवटी म्हणते, मालकाला विचारा. मालक म्हणतो, तिला कुठं काय म्हणायचंय? दोघंही खरंच बोलत असतात आणि कागद कोराच राहतो. मी असे किती कोरे कागद घेऊन परत आलेय. पण त्या दिवशी पहिल्यांदाच कागद माझ्या घरचा होता.

मी आईच्या मागोमाग मोरीवर गेले.

"तू बोलली का न्हाईस?"

"लेकरू चार दिवसांसाठी आलंय. कशाला त्याच्या तोंडचा घास कडू करायचा?"

"आणि तुझे ट्रक?"

"ट्रक काय खरे हायेत का?" ती ताट घासत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता मी ड्रायव्हरबी ठेवलेत. आपण चालवलं न्हाई तरी ते मालाच्या खेपा करतेत. त्यातला एक लई आळशी हाय. पण काढला न्हाई मी त्याला."

ही बाई तिकडं कुठल्याशा देशात एका कंपनीची मालकीण होती, आणि इकडं तिची कंपनी बडीशेपेबरोबर निकालात निघाली होती.

मी बाहेर येऊन एवढंच म्हणाले की जालन्याला जायचं तर आई पण येईल. बाबा म्हणाले, "ती येऊन काय करणार?" मी म्हणाले, "बाजार करायचाय तिला." खोटं होतं, पण बाजाराला नाही म्हणता येत नाही.

डबा गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, एका बाजूला आई, एका बाजूला मी. खड्डा आला की आई त्यावर हात ठेवायची. दादा पुढं बाबांना रॅम म्हणजे काय ते समजावत होता. वाटेतलं वाटूर येईपर्यंत बाबांना ते समजलं नव्हतं आणि त्यांनी हो म्हणणं सोडलं नव्हतं.

जालन्यातलं ते दुकान अरुंद, सगळीकडं खोकी. दुकानदार दादाच्याच वयाचा, तोंडात लवंग. त्यानं काच उघडली, टॉर्च मारला आणि थांबला. मग त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकालाही वाकून बघायला लावलं.

आत हळद होती. कुंकू होतं. पंख्यांच्या पात्यांवर दोन्ही मिळून तपकिरी थर बसला होता. कार्डाच्या खाचांत अक्षता अडकल्या होत्या. तळाशी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि कापसाच्या वस्त्रमाळेचा एक तुकडा मोठ्या पंख्याला गुंडाळलेला.

"काकू," तो म्हणाला, "सत्यनारायण घातला व्हता का आतमधी?"

आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, अवजारं धुऊनपुसून मांडतात आणि पुजतात. विळी, कोयता, विहिरीवरच्या मोटारीचा पाना, बाबांची गाडी, मिक्सर. दादा गेल्यापासून कॉम्प्युटरची पूजा आईच करायची. गाडीला जशी वरून हळद-कुंकू वाहतात तशीच तिनं डब्याला वाहिली. वर जाळी होती. जाळीच्या खाली पंखा होता. ह्या वर्षीही वाहिली होती, दुसऱ्या दिवशी मेला तो. डबा एवढी वर्षं श्वासाबरोबर कुंकूच ओढत होता.

दुकानातले सगळे हसले. बाबा सर्वांत मोठ्यानं. दादा कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, तूच मारलंस की गं त्याला!"

आई हसली नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि दाराकडं सरकली. आणि मला दिसलं की आता ती कायमची गप्प बसणार. चूक तिची ठरली होती. आमच्या घरात ज्याची चूक त्याचा शब्द संपतो, निदान बाईचा तरी. दादानं ह्याच कीबोर्डवर चिवडा सांडला होता, चहा सांडला होता. तेव्हा कोणी म्हणालं नाही, आता तुला ह्यातलं काही मागायचा हक्क नाही.

दुकानदारानं ब्लोअरनं सगळं उडवलं. दुकानात थोडा वेळ देवघरासारखा वास आला. मग त्यानं डबा लावून बघितला आणि दादाकडं बघून सांगितलं, "आता तापणार न्हाई एवढा. पण भाऊ, कार्ड जुनंच हाय, नव्या गेमला दम न्हाई त्याच्यात. एक तर कार्ड आन् पॉवर सप्लाय टाका, दोन-तीन वर्षं बराबर चालंल. न्हाईतर पूर्ण नवीन घ्या. खेळून कोण राह्यलंय?"

"कोणी न्हाई," बाबा म्हणाले.

"आई खेळते," मी म्हणाले.

"मम्मी? मंग काही खर्चा करू नका. पत्त्याचा गेम ह्याच्यावर बिलकुल मस्त चालंल." तो वाईट माणूस नव्हता. दारात उभ्या असलेल्या बाईकडं बघून आणखी काही त्याच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं, एवढंच.

"विकायचंच आहे," दादा म्हणाला. "तेवढी एसएसडी आणि रॅम काढून दे मला."

दुकानदारानं स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"ती डबी काढायची न्हाई," आई म्हणाली.

आवाज लहान होता. दारातल्या रिक्षाच्या आवाजात तो जवळजवळ गेलाच होता. दुकानदार मात्र थांबला.

"आई, अगं तुझा गेम मी पेन ड्राइव्हवर कॉपी करून देतो ना," दादा म्हणाला. "जशाचा तसा राहतोय. काय जात न्हाई."

"आन् पेन ड्राइव्ह कशाला लावू? मिक्सरला?"

आता पुन्हा सगळे हसले, पण ह्या वेळी तिच्या बाजूनं. बाबा सोडून.

"अगं, त्याच्या कामाला येतीय ती," बाबा म्हणाले. "नोकरी करणारं पोरगं."

"माझ्याबी कामाला येतीय."

"तुझं काय काम?"

आईनं पुढं येऊन डब्याची काच उचलली आणि दुकानदाराच्या हातात दिली. बसवा म्हणून. मला तेव्हा घोषणा द्यावीशी वाटली. दिली नाही. दुकानदार म्हणाला, "घरचं ठरवून या भाऊ, लई गिऱ्हाइकं थांबलेत," आणि त्यानं काच बसवून दिली.

परत येताना वाटूरला चहाला थांबलो. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. दादाचं तोंड फुगलेलं.

"एवढंच व्हतं तर घरीच सांगायचं ना, आई. लोकांसमोर कशाला?"

"घरी ईचारलं कुठं?"

"बाबांनी विचारलं की. मी तिथंच व्हतो."

"त्ये ईचारणं व्हतं व्हय?" आई म्हणाली. रागानं नाही. दमल्यासारखं.

माझा भाऊ वाईट नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर हे लिहिणं पत्रकी होईल. त्यानं चहा संपवला, ग्लास बाकावर ठेवला, आणि आईच्या समोर उकिडवा बसला, लहानपणी पायात रुतलेला काटा काढून घ्यायला बसायचा तसा. म्हणाला, "बरं, बोल मंग. कार्ड घालायचं का सगळं नवीन घ्यायचं?"

आणि मग आईनं जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं प्रश्न विचारले. नवीन घेतलं तर माझे ट्रक त्यात येतेत का? येतेत. जुन्या डब्याचं काय व्हतं? विकायचा. कार्ड घातलं तर उन्हाळ्यात बंद पडंल का? सांगता येत न्हाई, पण कमी. उद्या बोर्डबी गेला तर कार्ड नव्या डब्यात बसतंय का? दादा जरा थांबला, म्हणाला, बसतंय. आई गाडीकडं बघत थोडा वेळ चहा फुंकत राहिली, चहा गार झालेला असूनही.

"मंग कार्ड," ती म्हणाली. "पुढचं पुढं. घरातली चालती वस्तू मोडीत कशाला घालायची? आन् डबी माझ्याकडंच राहू दे."

"बरं," दादा म्हणाला. "राहू दे."

माझं मत विचाराल तर सगळं नवीन घ्यायला पाहिजे होतं. मी तसं म्हणणारही होते. आईनं माझ्याकडं बघितलं आणि मी चहाचे पैसे द्यायला उठले. कार्ड हा तिचा निर्णय होता. कंजूष असेल, सावध असेल, सवयीचा असेल. तिचा होता.

आता तुम्हाला वाटेल की इथं गोष्ट संपली, कार्ड आलं, आई ट्रक घेऊन निघाली. नाही. दादानं गाडीत बसताना बाबांना सांगितलं, "आई म्हणती कार्ड घालू." बाबा गाडी चालू करत म्हणाले, "बघू."

दादा पुण्याला गेला. तो विचारतो अधूनमधून फोनवर, झालं का कार्डाचं? बाबा म्हणतात, बघू. दिवाळी झाली. बाबांचा लॅपटॉप मात्र आला, शाळेच्या माहित्या थांबत नाहीत म्हणून. सध्या थंडी आहे, पंखे साफ झालेत, त्यामुळं डबा दुपारभर कसाबसा चालतो. आई मोठी शहरं टाळते. लांबचा वळसा घेऊन आडरस्त्यानं माल पोचवते, म्हणजे पडदा काळा होत नाही. उशीर होतो, मोबदला कापला जातो, ती म्हणते चालतंय. मला ते बघवत नाही. उन्हाळा आला की आडरस्ताही उरणार नाही. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे.

नकार दिला असता तर भांडता आलं असतं. नकाराविरुद्ध ठिय्या देता येतो, पत्रक काढता येतं. "बघू"चं काय करणार? आम्ही एसटीच्या साहेबांकडं जातो तेव्हा तेही खुर्ची द्यायला सांगतात, पाणी मागवतात, आणि बघू म्हणतात. मुली स्टँडवर उभ्याच असतात. मी बाहेर बघू ऐकून घरी येते आणि घरात बघू ऐकून बाहेर जाते. थकवा येतो तो ह्याचा.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला एक सरळ सांगणं आहे. तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल, जी वापरतं एक माणूस आणि जिचा निकाल लावतात दुसरेच. आज जेवायला बसायच्या आधी त्या माणसाला समोर बसवा. टीव्ही बंद करा. विचारा. "मला काय कळतंय" असं उत्तर आलं तर उठू नका, पुन्हा विचारा, तिचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरं द्या. आणि तिनं एकदा सांगितलं की "बघू" म्हणायचं नाही. कोणत्या दिवशी करणार, ते तिथंच, तिच्या तोंडावर सांगा.